भिंतीतला ओव्हन आणि एक लाल ठिपका

मित्रांनो, स्वयंपाकघरात शिरलात की समोरच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, काळ्या काचेचं एक दार दिसतं. त्याच्यामागे मी असतो. विजेवर चालणारा, वयाने बराच जुना ओव्हन. पाठ भिंतीत, तोंड स्वयंपाकघराकडे. त्यामुळे समोर जे घडेल ते बघत बसण्यावाचून मला इलाज नाही. मला भरून वगैरे येत नाही. मी तापतो आणि निवतो. तेव्हा या सांगण्यात कुठे गहिवर सापडलाच, तर तो माझा नाही, त्या माणसांचा आहे असं समजा.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा दाबून पेटी केली, आतून काचेसारखा चिवट मुलामा दिला, बाहेरून लोकरीसारख्या जाड थराचं पांघरूण गुंडाळलं. छताला एक कॉइल बसवली, तळाखाली दुसरी. दाराभोवती रबराची पट्टी लावली, ऊब बाहेर सांडू नये म्हणून. आणि आत मागच्या कोपऱ्यात, एका छोट्या चिमट्यात, एक बारीक धातूची नळी अडकवली. आत किती तापलंय हे मला त्या नळीवरून कळतं. हवं तेवढं तापलं की मी कॉइल बंद करतो, निवलं की पुन्हा सुरू करतो. ही नळी लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ तिच्यावरूनच झाला.

मला विकत घेतलं ताईने. ती कपडे शिवायची. गिऱ्हाईकं, शेजारीपाजारी, दूध टाकणारा, सगळे तिला ताईच म्हणत, आणि त्यातले निम्मे तिच्याहून मोठे होते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार, एवढाच संसार. लग्नाचा विषय निघाला की दातात टाचण्या आहेत म्हणून बोलता येत नाही, अशी खूण करायची आणि मशीन दामटायची. रविवारी मात्र मशीनवर झाकण पडायचं आणि कणीक मळायला घेतली जायची. दोन पाव. एक घरचा, एक शेजारच्यांचा. मी दोन पाव एका वेळी नीट भाजत नाही, मागचा करपतो आणि पुढचा रुसतो, म्हणून ती एकामागून एक लावायची.

त्या काळात माझं कौतुक फार झालं. ताई माझी निगाही तशीच ठेवायची. मी कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसायची, जाळ्या काढून साबणाच्या पाण्यात भिजत घालायची, आणि रबराची पट्टी न ओढता हलक्या हाताने टिपून घ्यायची. तळाला चमकता कागद अंथर, म्हणजे पुसायला नको, असं एका गिऱ्हाइकाने सुचवलं होतं. ताईने एकदाच ऐकलं. पावाचं बूड कोळसा झालं आणि कागद माझ्या तळाला चिकटून बसला. तो खरवडताना त्या गिऱ्हाइकाचा जो उद्धार झाला, तो मी एकट्याने ऐकला.

मग तिची नजर गेली. एकदम नाही. शिवण उसवत जावी तशी कडेकडेने गेली. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग कापडाचा रंग कळेना, शेवटी उजेड आणि सावली एवढंच उरलं. मशीनवर झाकण पडलं ते कायमचं. लोकांना वाटलं, ताई आता हात टेकणार. पण तिने हात टेकले ते वस्तूंवर. आयुष्यभर कापडावर खुणा केलेल्या बाईने सगळ्या घरावर खुणा करून टाकल्या. मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन. अंग पुसायच्या टॉवेलच्या कोपऱ्याला बटण, हात पुसायच्या टॉवेलला नाही. पुढच्या दाराच्या किल्लीला दोऱ्याची गाठ. सहा महिन्यांत ती घरात अशी वावरू लागली की नवख्या माणसाला पत्ता लागू नये.

त्याच दिवसांत मला पुसताना तिचा हात मागच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि नळी चिमट्यातून निसटली. वाकून ती वरच्या कॉइलजवळ जाऊन टेकली. तिथली धग थेट नळीच्या अंगावर. मला वाटायचं, आत पुरेसं तापलं, आणि मी कॉइल आधीच बंद करायचो. खरं म्हणजे आत बरंच कमी तापलेलं असायचं. मी खोटं बोलत नव्हतो, मला तसंच वाटत होतं. पाव पांढुरका पडू लागला. ताईने तो बोटांनी दाबून पाहिला, माझ्या दारावर एक थाप मारली आणि म्हणाली, "म्हातारा झालास रे."

मेकॅनिकला बोलवायचं तिच्या मनातही आलं नाही. ती दर रविवारी नॉब थोडा थोडा पुढे नेत गेली. एकदा कच्चा, एकदा जास्त, असं करत करत तिला बरोबर जागा सापडली. तिने नेलपॉलिशची बाटली आणली आणि नॉबचा उंचवटा जिथे येऊन थांबला होता तिथे, पत्र्यावर, एक लाल थेंब टाकला. वाळून तो टणक झाला. त्यानंतर आकड्यांशी तिचा संबंध संपला. अंगठा ठिपक्याला लागला की झालं.

माझ्या दाराची पट्टीही तोवर डाव्या कोपऱ्यात सैल झाली होती. तिथून वास बाहेर यायचा. ताई पुढच्या खोलीत बसून त्या वासाकडे लक्ष ठेवायची. आधी आंबूस वास, मग गोडसर, मग कवचाचा खमंग. तो खमंग वास आला की ती उठायची. मला म्हणाल तर माझ्यात दोन दोष होते. तिला म्हणाल तर मी व्यवस्थित चालत होतो.

वीज गेली की माझं घड्याळ लुकलुकत राहतं आणि ते लावल्याशिवाय मी तापत नाही. पुष्कळ लोकांना वाटतं ओव्हन बिघडला. ताई दोन बटणं एकदम दाबायची आणि अधिकच्या खुणेचं बटण एकदा. घड्याळ जी वेळ दाखवेल ती दाखवो, मी तापायला लागायचो. त्यामुळे माझ्या कपाळावर कधीच खरी वेळ नसायची. आणि माझ्यातला दिवा तर केव्हाच गेला होता. तो बदलायचं कारणच नव्हतं.

कारण होतं ते एकाच माणसाला. ताईचा धाकटा भाऊ, छोटू. डोक्यावरचे केस गेले, गुडघे दुखायला लागले, तरी तो छोटूच. विमा कंपनीत अपघातांची पाहणी करायचं त्याचं काम. जळालेली दुकानं, कोसळलेले जिने, करपलेल्या वायरी बघण्यात त्याचा जन्म गेला. त्यामुळे त्याला कुठल्याही खोलीत आधी काय दिसायचं, तर तिथे होऊ शकणारा अपघात. रविवारी तो आणि त्याची बायको यायचे. पाव आत असला की छोटू माझं दार उघडून बघायचा, कारण काचेतून अंधार दिसायचा. दार उघडलं की ऊब जायची. ताईला ते आवाजावरून कळायचं आणि ती आतल्या आत चडफडायची.

छोटूचा ताईवर जीव होता, यात शंका नाही. आई-वडील लवकर गेल्यावर तिने त्याला शिकवलं, त्याच्या पहिल्या नोकरीचा शर्ट तिनेच शिवला. त्याची बायकोही मनाने साफ. एका रविवारी तिने हौसेने सगळ्या बरण्या घासूनपुसून चकचकीत केल्या आणि रबरबँड काढून खणात नीट ठेवून दिले. संध्याकाळी ताईने चहात मीठ घातलं. तिघंही हसले. भावजयीने हजारदा माफी मागितली. पण विचारायला हवं होतं हे कोणी म्हणालं नाही, ताईसुद्धा नाही.

गेलं वर्षभर छोटूच्या मनात एकच होतं. ताईने हे घर बंद करून आपल्याकडे राहायला यावं. त्याने एक खोली रिकामी केली, रंगवली, तिच्या पलंगाजवळ घंटेचं बटणसुद्धा बसवून घेतलं. ताई दर वेळी विषय टाळायची. तिला हे घर सोडायचं नव्हतं. इथे तिला सगळं दिसत होतं. तिकडे गेली असती तर ती खरोखर आंधळी झाली असती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण शिकवून मोठं केलेल्या भावाला नाही कसं म्हणायचं, हे तिला कळत नव्हतं.

एका आठवड्यात भावजय ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. छोटू किल्ली घेऊन घरात आला, बरोबर मेकॅनिक. माझ्या वायरी जुन्या, ताई एकटी, न जाणो काही झालं तर, असं त्याने त्या मेकॅनिकला तीनदा ऐकवलं. मेकॅनिकने मेन स्विच बंद केला, मला भिंतीतून अर्धवट बाहेर ओढलं, वायरी पाहिल्या, कॉइलला मीटर लावला. वायरी ठणठणीत निघाल्या. मग त्याने आत टॉर्च मारला, निसटलेली नळी पाहिली आणि ती पुन्हा चिमट्यात बसवली. सैल पट्टी काढून नवी करकरीत पट्टी लावली. तापमापी आत ठेवून मला चालवून बघितलं. दोनशेवर ठेवला तर बरोबर दोनशे. माझ्या उमेदीच्या काळातही मी इतका खरा बोललो नव्हतो.

निघताना मेकॅनिकचं लक्ष ठिपक्याकडे गेलं. हा कसला, खरवडून टाकू का, असं त्याने विचारलं. छोटू म्हणाला, काहीतरी सांडलं असेल, राहू दे. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी त्या वेळी बोललो असतो. दिवा बदलायचा का, हेही मेकॅनिकने विचारलं. छोटू म्हणाला, तिला दिव्याचा काय उपयोग. आणि ताईला यातलं काही सांगायचं नाही, पाव मस्त झाला की खातानाच सांगू, खूश होईल, असं त्याने बायकोला बजावून ठेवलं.

तो रविवार आला. ताईने सकाळीच कणीक मळली. दोन गोळे केले, एक फडक्याखाली ठेवला. अंगठ्याने ठिपका चाचपला, नॉब तिथवर नेला, मला तापू दिलं आणि पाव आत सरकवला. नवी पट्टी दाराला घट्ट मिठी मारून बसली होती. छोटू आणि भावजय आले. तिघं पुढच्या खोलीत बसले आणि छोटूने एकदाचा विषय काढलाच. खोली तयार आहे, दिवसभर घरात माणूस असतं, तू इथे एकटी असलीस की माझा जीव टांगणीला लागतो. ताई ऐकत होती. एक कान त्याच्याकडे, नाक माझ्याकडे. वास येईना. तिला वाटलं, अजून वेळ आहे.

आत काय चाललं होतं ते मला दिसत होतं. कवच लालसर झालं, मग तपकिरी, मग त्यापुढचं. मला सांगितलं तेवढाच मी तापत होतो. डाव्या कोपऱ्यातून वास जायची वाट बंद झाली होती. शेवटी दाराच्या वर वाफ जायला जी फट असते तिच्यातून धुराचा एक पट्टा निघाला तेव्हा आधी ताईच उठली. पण उशीर झाला होता.

छोटूने धावत येऊन मेन स्विच खाली ओढला आणि खिडक्या उघडल्या. भावजयीने चिमट्याने पाव बाहेर काढला. कोणी आरडाओरडा केला नाही. ताईने फडक्यात धरून पावाच्या बुडावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. चांगला पाव पोकळ वाजतो. हा लाकडासारखा वाजला.

छोटूने हाताने धूर खिडकीकडे सारला. मग हळूच म्हणाला, "ताई, आज मी इथे होतो. नसतो तर?"

तिचा चेहरा पडला. अनेक वर्षं मी तो चेहरा बघतोय, असा पडलेला पाहिला नव्हता. तिने फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं, त्याची कड बोटाने सरळ केली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "वासही कळेनासा झालाय मला. येते मी तुमच्याकडे."

भावजयीने तिच्या पाठीवर हात ठेवला. छोटूचे डोळे भरले. एवढं मनासारखं झालं होतं, पण त्याला बरं वाटत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तिची समजूत काढायची म्हणून की बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून, तो म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, निदान यंत्राचा धोका तरी नव्हता, गेल्या आठवड्यातच ओव्हन दुरुस्त करून घेतला मी.

ताईचा हात फडक्यावर थांबला.

"काय केलंस?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. नळी, चिमटा, पट्टी, तापमापी. दोनशे म्हणजे बरोबर दोनशे, हेही सांगितलं, थोडं अभिमानाने. ताई माझ्याजवळ आली. दाराच्या डाव्या कोपऱ्यावरून तिने बोट फिरवलं. नवं रबर. दार उघडलं, लावलं, त्याचा आवाज ऐकला. मग अंगठा नॉबवर ठेवला.

"छोटू, हा ठिपका कुठल्या आकड्यावर आहे?"

तो वाकला. चष्मा वर केला. "दोनशे चाळीसच्या पुढे आहे गं थोडा."

ताईने भावजयीला विचारलं, तुमच्या घरी पाव कितीवर भाजता. भावजय म्हणाली, दोनशेवर, फार तर दोनशे दहा. आणि बोलता बोलता ती मध्येच थांबली. छोटूने तिच्याकडे पाहिलं, मग ठिपक्याकडे, मग त्या काळ्या पावाकडे. अपघात का झाला हे शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हा अपघात उलगडायला फारसा वेळ लागला नाही. तो स्टुलावर डोकं धरून बसला.

ताईने मेन स्विच वर करायला सांगितलं. घड्याळ लुकलुकायला लागलं. तिने दोन बटणं दाबली, अधिकचं एकदा, आणि नॉब पुष्कळ मागे घेतला. आकडा वाचू का, असं छोटू म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. मी तापल्यावर तिने दार उघडलं आणि माझ्या तोंडाशी तळहात धरला. धग किती वेळ सोसवते हे ती बघत होती. नॉब किंचित पुढे, पुन्हा हात. किंचित मागे. मग फडक्याखालचा दुसरा गोळा आत गेला.

या वेळी कोणी पुढच्या खोलीत गेलं नाही. वास यायला वेळ लागतो हे आता ताईला माहीत होतं, म्हणून ती माझ्याच शेजारी, वरच्या फटीखाली उभी राहिली. आधी आंबूस, मग गोडसर. छोटूचा हात सवयीने दाराकडे गेला आणि त्याने तो मागे घेतला. खमंग वास आला तशी ताई म्हणाली, काढा. पाव एका बाजूने जरासा फिका होता. खोटं कशाला सांगू? पण बुडावर टकटक केली तर पोकळ वाजला.

ताईने खणातून नेलपॉलिश काढलं. जुना ठिपका नखाने खरवडून टाकला आणि अंगठा जिथे थांबला होता तिथे नवा थेंब सोडला. तो वाळेपर्यंत तिघं तसेच उभे होते. पाव कापायचंही कोणाला सुचलं नाही.

"तुला विचारायला हवं होतं मी," छोटू म्हणाला.

"मग आता विचार."

त्याने माझ्याबद्दल विचारलं नाही. त्याने वेगळंच विचारलं, "ताई, तुला कुठे राहायचंय?"

"इथे," ती म्हणाली. एवढं सोपं उत्तर होतं, आणि वर्षभर ते कोणी मागितलंच नव्हतं. छोटूने मान हलवली. ते तिला दिसणार नाही हे लक्षात आल्यावर म्हणाला, बरं. मग नाक ओढून त्याने विचारलं, इथे राहायचं तर आणखी काय हवंय, सांग, मी करून देतो. रबरबँड नका काढू म्हणजे झालं, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं.

"याच्यातला दिवा बदलून दे," ताई म्हणाली.

छोटूला समजेना. तुला काय उपयोग, हे त्याच्या ओठांवर आलं आणि त्याने ते गिळलं. तरी तिला ते ऐकू आलंच असणार.

"मला नको. तुला. म्हणजे तू दार उघडून बघत बसणार नाहीस."

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्यायला फारसं काही लागत नाही. कोमट असताना पुसा, तळाला कागद अंथरू नका, पट्टी ओढू नका, वीज जाऊन आली की मेकॅनिकला हाक मारण्याआधी घड्याळ लावून बघा. नळी वाकली असेल तर जरूर सरळ करा. फक्त हत्यार हातात घेण्याआधी, माझ्यासमोर रोज जो उभा राहतो त्याला विचारा. माझं कुठे काय बिघडलंय हे मेकॅनिकला कळेल. त्या बिघाडावर कोणी किती शहाणपणाने घर उभं केलंय, हे त्या रोज उभ्या राहणाऱ्यालाच माहीत असतं.

आज रविवार आहे. माझ्या घड्याळात वेळ चुकीची आहे. ताई पुढच्या खोलीतली खुर्ची उचलून इथे, वरच्या फटीखाली घेऊन आली आहे. आत दिवा लागलाय, आणि छोटू दुखरे गुडघे वाकवून काचेला नाक लावून बघतोय. दार बंद आहे.